बारावा भाग

३ जानेवारी
ऑफिस. येताना घाटकोपर स्टेशनजवळच्या पुस्तकांच्या दुकानात डोकावलो. बारावा भाग आला नाही. काउंटरवरचा सुबोध म्हणाला, "काका, तारीख परत पुढे गेली. आता फेब्रुवारी." तिसऱ्यांदा! जपानमध्ये गोष्ट कधीच संपली म्हणे. इंग्रजीत काढणाऱ्यांचंच घोडं अडलंय.

५ जानेवारी, रविवार
मुलुंडहून अनुपमाचा भाऊ देवेश आला. आमच्या लेकीची, मित्राची, जपानी कॉमिक्स त्याच्या प्रांजलला द्यायची, असं बहीण-भावाचं ठरलंय. मी म्हटलं, शेवटचा भाग येऊ दे. अर्धवट काय द्यायचं?
"दाजी, तिला चालेल हो!"
मला चालत नाही.
तो गेल्यावर अनुपमा म्हणाली, "जेवायला बसलं की ते कॉमिक्सचं कपाट समोर. लेक गेली तेव्हापासून घास उतरत नाही मला. बारावा आला की सगळं द्यायचं. शब्द द्या."
दिला.

९ जानेवारी
प्रकाशकाच्या वेबसाइटवर तक्रार टाकली. आधी वय विचारलं. त्रेपन्न. मग आवडतं पात्र — ते भरल्याशिवाय पुढेच जात नाही! 'दीपगृहातली मुलगी' लिहिलं. तिचं नाव कुठे आठवतंय.

१० जानेवारी
उत्तर आलं. तुमच्या उत्साहाबद्दल आभार! खाली नाचणारं मांजर.
उत्साह!

२० जानेवारी
पहिला भाग वाचायला घेतला. काही कळेना. सुरुवातीलाच सगळे रडतायत. मग लक्षात आलं — ही पुस्तकं उजवीकडून उघडतात.
मित्रा दहावीत होती तेव्हा तिच्या शाळेच्या पुस्तकांबरोबर यालाही मी खाकी कव्हर घातलं होतं. नावाचं लेबल आपल्या सवयीने चिकटवलं. केवढी ओरडली! "बाबा, तू माझं नाव शेवटावर लावलंस रे! काय यार!" पण काढू दिलं नाही. पुढच्या प्रत्येक भागाला मुद्दाम तसंच लावायला लावलं.
हॉस्पिटलातही विचारायची, "आला का रे बारावा? दीपगृहातल्या मुलीचा भाऊ सापडतो की नाही, एवढं कळू दे." मी म्हणायचो, येईल गं.

१४ फेब्रुवारी
आता एप्रिल! छपाई म्हणे, जहाज म्हणे. दुकानात माझा आवाज चढला. लोक बघायला लागले.
"काका, मी छापतो का?" सुबोध म्हणाला. मग पाण्याची बाटली पुढे केली. प्यायलो. लाज वाटली.

२ मार्च
अनुपमाला सांगितलं. म्हणाली, "तुमचा प्रकाशक आपल्या बिल्डरचा भाऊ दिसतोय. तोही दर दिवाळीला ताबा देतो." किती दिवसांनी हसली. मग कपाटाकडे बघितलं आणि आत गेली.

३१ मार्च
फॉर्म परत भरला. मांजर परत नाचलं.

११ एप्रिल
सुबोधचा फोन — आला! हाफ डे टाकून घेऊन आलो. अनुपमा शाळेत शिकवायला गेली होती. प्लास्टिक काढलं. उघडलं नाही.
तिचा फोन आला. "आज तारीख ना? मिळाला?"
म्हटलं, नाही. जूनवर गेला.
"काय माणसं आहेत ही!"
माळ्यावरून खाकी कागद काढला. पंख्याने उडत होता, म्हणून पंखा बंद केला. कव्हर घातलं. लेबलवर संघमित्रा लिहिलं आणि चुकीच्या बाजूला चिकटवलं.