बागेतला सातवा नियम

तीर्थरूप वहिनी,

तुम्हांला खाली वाकून नमस्कार. (गुडघा जेवढं वाकू देतो तेवढंच वाकलो आहे, उरलेलं समक्ष भेटीत पूर्ण करीन.) तुमची तब्येत कशी आहे? मागच्या खेपेला दम लागतो म्हणून लिहिलं होतंत. तो चालताना लागतो की नुसतं बसल्या बसल्याही लागतो, ते लिहायला तुम्ही विसरलात. की मुद्दाम विसरलात? माझं विचाराल तर दोन दात, एक गुडघा आणि डावा कान एवढं वजा केलं की बाकीचा मी ठणठणीत आहे.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. पत्र चार ओळींचं, त्यात प्रश्न एकाच ओळीचा. तुमच्या लेकानं लांबून वृद्धाश्रमाचा अर्ज भरून पाठवलाय, जागा स्वच्छ आहे, खोलीला खिडकी आहे, महिनाअखेरच्या आत सही करून द्यायची आहे. आणि शेवटी ‘ठिपक्या, करू का सही?’ एवढंच. आता एवढ्याशा प्रश्नाला तीन आठवडे का लागावेत, असं तुम्हांला वाटणं साहजिक आहे. दादा असता तर म्हणाला असता, हा गाढव पुन्हा कुठेतरी रंगाच्या डब्यात पडलाय. तसंच झालंय वहिनी, फक्त डबा एकवीस वर्षांपूर्वीचा आहे. मी पाल्हाळ लावतोय हे मला कळतंय, पण उत्तराआधी हे सगळं सांगितलं नाही तर उत्तर खोटं होईल.

खरं म्हणजे तुमचं पत्र वाचल्याबरोबर मी ‘सरळ माझ्याकडे निघून या’ असं लिहायला बसलो होतो. कागद काढला, पेन उघडलं, आणि हात पुढे जाईना. तुम्ही दोघं एकदाच इथे आला होतात, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. आठ दिवस राहायचं ठरवून आलात आणि तिसऱ्या दिवशी परत गेलात. माझ्या दोन खोल्या, खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत, त्या भिंतीकडे तोंड करून आपण तिघं जेवलो. निघताना तुम्ही दारात म्हणालात, ‘इथलं जेवण पोटात जातं रे, पण अंगी लागत नाही.’ तुम्ही सहज बोलून गेलात, पण मी ते तेव्हापासून बाळगून आहे. तुम्हांला घराबाहेर, झाडाखाली बसून जेवायची सवय. नऊ वर्षांच्या मला तुम्ही भरवलंत तेही अंगणातच, मी घरात जेवत नव्हतो म्हणून. (आईच्या माघारी त्या घरात घास गिळवत नव्हता, हे तेव्हा फक्त तुम्हांलाच कळलं होतं.) अशा बाईला पुन्हा त्या भिंतीसमोर कुठल्या तोंडानं बोलवायचं?

या शहरात खायला मिळत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. माझ्या घराखाली पाववाला आहे, त्याची भट्टी सकाळी सातला उघडते आणि तिसऱ्या मजल्यावरचा मी वासानंच उठतो, घड्याळाला किल्ली द्यायचीही मी सोडून दिली. कोपऱ्यावर फळवाली बसते, ती पिकलेलं फळ गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी स्वतः हुंगते आणि पसंत नाही पडलं तर परत ठेवते, मग गिऱ्हाईक कितीही बोंबलो. टोमॅटो तर असे मिळतात की मीठ लावून नुसते खावेत. आणि हिरवळही आहे. पाच मिनिटांवर ही एवढी मोठी बाग, मधोमध तळं, बाजूनं दाट सावलीची झाडं. पण खाणं आहे तिथे बसायला झाड नाही, आणि झाड आहे तिथे खायची बंदी. त्यामुळे सगळं शहर चालता चालता खातं. बसथांब्यावर खातं, जिन्यात खातं, एका हातात फोन धरून खातं. मी स्वतः ओट्यापाशी उभा राहून खातो, पण ते असो.

तर मी ठरवलं की आधी बाग जिंकायची, मग वहिनींना पत्र लिहायचं. डब्यात भात, वांग्याची भाजी आणि दोन उकडलेली अंडी घेऊन गेलो, तळ्याकाठचा बाक धरला आणि झाकण उघडतोय तोच शिट्टी. रखवालदार तोच, तुम्ही आला होतात तेव्हा आपल्याला बागेतून उठवणारा. मिश्या तेवढ्या पांढऱ्या झाल्यात. त्यानं मला दंडाला धरून फाटकाजवळच्या पाटीपाशी नेलं आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्राआड अंडं सोलायला घेतलं, तर टरफलाच्या आवाजावर आला. (माणसाचे कान असे असावेत! माझा डावा त्यालाच देऊन टाकावा.) तिसऱ्या दिवशी मी वाद घातला की पाटीवर ‘बसून’ खायला मनाई आहे, उभ्यानं खाण्याबद्दल तिथे अवाक्षर नाही. त्यानं बराच वेळ विचार केला, पाटी पुन्हा एकदा वाचून आला, आणि म्हणाला, बरोबर आहे, पण थांबायचं नाही. मग मी हातात डबा धरून तळ्याला चार फेऱ्या मारत जेवलो. मागून सांडलेली शितं टिपत कबुतरं, आणि त्यांच्या मागून मी थांबतोय का ते बघत रखवालदार. चौथ्या फेरीला मला हसू आलं, आणि लगेच ठसकाही लागला. ठसका जाईपर्यंत थांबू का, असं मी त्याला हातानंच विचारलं. तर तो मान हलवून नाही म्हणाला.

आता ते सांगतो जे तुम्हांला ठाऊक नाही. ती पाटी माझ्या हातची, मी रंगवलेली, हे तुम्हांला माहीत आहे. मीच तुम्हां दोघांना मिरवत तिच्यासमोर नेलं होतं. शहरातली माझी सगळ्यांत चांगली अक्षरं म्हणून दाखवली होती, आणि दादानं पाठीवर थाप मारली होती. पाचच मिनिटांनी रखवालदारानं आपल्याला डब्यासकट उठवलं आणि दादा ‘नियम म्हणजे नियम’ म्हणत मुकाट्यानं निघाला. वहिनी, तो सातवा नियम कोणी केलेलाच नाही. म्हणजे, मी केला. बाग खात्यातून मला कागद आला होता तो सहा नियमांचा: फुलं तोडू नयेत, कुत्री आणू नयेत, सायकल, चेंडू, गवतावर चालणं, आणि बंद व्हायची वेळ. खडू लावलेली दोरी ताणून रेघा मारताना मी एक ओळ जास्त आखली. सहा नियम रंगवून झाले आणि खाली एक पट्टा रिकामा, पुढचा दात पडल्यासारखा. साहेब रजेवर. पुन्हा सगळं खरवडून आखायचा कंटाळा. मी त्याच बागेत झाडाखाली बसून नुकताच पोटभर जेवलो होतो, डबा अजून खरकटा होता, समोर दिसलं ते सुचलं, आणि मी लिहिलं, ‘बागेत बसून खाण्यास सक्त मनाई आहे.’ त्यातला ‘सक्त’ तर केवळ ओळ उजव्या टोकाला दोन बोटं कमी पडत होती म्हणून घातला. त्या दिवशी हे दादासमोर कबूल करायला हवं होतं. पण नुकतीच थाप मिळालेली पाठ होती, धीर झाला नाही. मग तुम्ही गेलात, आणि पुन्हा आलाच नाहीत. दादा जाईपर्यंत सगळ्यांना सांगत राहिला की माझ्या भावाच्या शहरात झाडाखाली बसून घास खाऊ देत नाहीत. मी ऐकून घेत राहिलो. याची मला लाज वाटते.

बागेतल्या त्या चार फेऱ्यांनंतर मी बाग खात्यात गेलो. तिथल्या टेबलामागच्या बाईंना म्हटलं, सातवा नियम तुमच्या कागदात आहे का बघा. त्यांनी फाईल काढली, धूळ झटकली, सहा मोजले, आणि म्हणाल्या, खरंच की, एक राहिलाय. आणि मी काही बोलायच्या आत पेन काढून सुवाच्य अक्षरात सातवा लिहून टाकला, वर ‘लक्षात आणून दिल्याबद्दल’ माझे आभार मानले. बघा म्हणजे, एकवीस वर्षं जो नियम नुसता पाटीवर होता, तो मी खटपट करून फायलीत बसवून आलो. घरी येऊन कपाळ बडवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सगळी हकिगत लिहून काढली, रेघेच्या चुकीपासून खरकट्या डब्यापर्यंत, खाली सही केली आणि त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मला वाटलं, आता या पोलिसांनाच बोलावतात. पण त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. त्यांच्या खिडकीतून सबंध बाग दिसते, आणि टेबलाच्या खणात त्यांचा डबा होता, वर फायलींचा गठ्ठा. त्या म्हणाल्या, नियम रद्द करायचा तर समितीची बैठक लागेल आणि ती कधी भरते ते मला माहीत नाही, पण चुकलेली पाटी मूळ कागदाप्रमाणे दुरुस्त करायला नुसती माझी सही पुरते. मग त्यांनी कालची स्वतःची ओळ खोडली आणि सही केली.

परवा दुपारी शिडी आणि पांढरा रंग घेऊन गेलो. रखवालदारानं कागद वाचला, नीट घडी घालून खिशात ठेवला आणि शिडी धरली. वर चढल्यावर मला राहवेना, मी त्याच्या डोक्याकडे बघत सगळं सांगून टाकलं. (समोरासमोर झालं नसतं.) शिडी जराही हलली नाही. तो म्हणाला की तो स्वतः एवढी वर्षं त्या पत्र्याच्या केबिनमध्ये दार लावून जेवतो, आपणच नियम मोडलेला लोकांना दिसू नये म्हणून. आणि मग म्हणाला, ‘नवीन नोकरी होती तेव्हा बायको एकदा डबा घेऊन आली होती. बाकावर बसली, मला म्हणाली या. मी तिलाही उठवलं. पाटीवर सक्त लिहिलं होतं ना.’ ती त्यानंतर बागेत आली नाही. गेल्या वर्षी वारली. चिडला असता, शिडी ओढली असती, तर बरं झालं असतं. त्यानं फक्त एवढंच सांगितलं की ओळ नीट पुसा, घाई करू नका.

तर अशी हकिगत आहे. बाग आता मोकळी आहे, तळ्याकाठचा बाक सावलीत आहे, घरापासून तिथवर एकही पायरी नाही (माझ्या जिन्याच्या सोडून, पण त्या मी मोजल्यात, बेचाळीस आहेत आणि दर मजल्यावर टेकायला जागा आहे). तब्येतीला जपा. लेकावर रागावू नका, त्यानं त्याच्या परीनं सोयच बघितली आहे. आणखी काय लिहू?

तुमचा,
ठिपक्या

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. सही करू नका. अर्ज फाडू नका, तुमच्या लेकानं मनापासून भरलाय, पण सहीही करू नका. मी येत्या रविवारी न्यायला येतो.

ता. क. : वर तुमच्या सोयीबद्दल, सावलीबद्दल, पायऱ्यांबद्दल जे लिहिलंय त्यावर फार विश्वास ठेवू नका. पाटी पुसून दोन दिवस झाले. दोन्ही दिवस मी डबा घेऊन त्या बाकावर बसलो, कोणी शिट्टी मारली नाही, आणि दोन्ही दिवस डबा न उघडता घरी आणला. एकट्यानं घशाखाली उतरत नाही, वहिनी. तेव्हा तुमची सोय म्हणून नव्हे, माझी गरज म्हणून या.

ता. क. : रंगाचा एकच हात मारलाय. ऊन तिरपं पडलं की पांढऱ्याखालून जुनी अक्षरं अजून वाचता येतात. दुसरा हात मी मुद्दाम बाकी ठेवलाय. आधी तुम्ही त्या पाटीसमोर उभ्या राहा आणि मला काय बोलायचं ते बोला, दादाच्या वाटचंही तुम्हीच बोला. तुमचं बोलून संपेपर्यंत मी डब्याला हात लावणार नाही.