छताची भेग

कुसुमचे बाबा,

पोरीचं नाव घरात घ्यायचं नाही म्हटलं तुमी, म्हणून तीन वर्षं मी तुमाले हाकच मारली नाही. आज लिहून राहिली.

कुसुम आली आहे. तिचा नवरा मागच्या महिन्यात वारला. ती आपला उंबरठा ओलांडणार नाही, असं तुमी म्हटलं होतं. तिनं ओलांडला नाही. मी तिले अंगणातल्या ट्रेलरमधे ठेवलं.

आपण तिघं ज्यात झोपून रामटेकले जाऊन आलो, तोच तुमच्या हातचा, गाडीमागं जोडायचा फायबरचा ट्रेलर. तिच्या लग्नापासून बंदच होता. मी धुतला, चाकाले विटा लावल्या, गाद्या उन्हात टाकल्या. पण छताले भेग पडली आहे, कालच्या पावसात नेमकं तिच्याच बर्थवर गळलं. मी मेण भरून पाहिलं, टिकलं नाही.

फायबरची भेग बुजवायचा रेझिन अन् हार्डनरचा डबा तुमच्या पलंगाखाली आहे. किती रेझिनले किती हार्डनर, हे तिले येते, तुमीच शिकवलं. पण बाबाले विचारल्याशिवाय डबा उघडणार नाही म्हणते.

मी पावर हाउसच्या बजारात चालली. लवकर येणार नाही. तुमी ड्यूटीवरून आले की अंगणात जा.

तिले विचारू द्या.

कुसुमची आई