काठ म्हणजे शून्य

बाई,

वरच्या कक्षेतला उपग्रह सावकाश फिरतो, हे आज पुन्हा फळ्यावर सिद्ध केलं आणि पुन्हा कुणाला पटलं नाही. इंजिन दोनदा पेटवायचं, दोन्ही वेळा वेग वाढवायचा, आणि वर स्थिरावल्यावर वेग आधीपेक्षा कमी. चढताना तो खर्ची पडतो, असं सांगतो. माना डोलतात. एकूण ऊर्जा मात्र वाढलेली: वजा आठ होती, वजा चार झाली. "आठाचं चार झालं म्हंजी कमीच की राव," मागच्या बाकावरून.

तुमच्या वर्गात आम्हीही हेच म्हणालो होतो. आमच्याकडे आठ परसांची विहीर चार परसांच्या विहिरीपेक्षा मोठीच असते. तेव्हा तुम्ही आम्हाला जुन्नरच्या कॉलेजमागच्या विहिरीवर नेलंत. काठावर हात आपटून सांगताय, काठ म्हणजे शून्य, तिथं पोचलात की सुटलात. खाली जाल तितकं वजा. मग माझ्याकडे वळता. "पटलं नसेल तर लिहू नकोस." आज मीही विहीर सांगितली. "परस म्हंजी काय, सर? आमच्यात बोअर हाय." परस म्हणजे माणसाची उंची, इथपासून सुरुवात. तास तिथंच संपला.

पण खरा वैताग तुमच्या त्या 'लिहू नकोस'चा आहे. इतकी वर्षं मी ते वर्गात म्हणत आलो, आणि राजुरीच्या एका मुलीनं ते खरं मानलं. गणित तिला येतं. चाचणीत मात्र जे पटलं नाही त्याची जागा कोरी सोडते. यंदा नापास झाली तर वडील तिचं सायन्स बंद करणार आहेत. उद्या शेवटची चाचणी. तुम्ही वाक्य बोलून मोकळ्या झालात, निस्तरायचं मी.

तास संपल्यावर तिला थांबवलं. "सूत्र लिही, उत्तर लिही. पटेल मागाहून."

"तुमीच म्हणला व्हता ना, सर, पटल्याबिगर लिहायचं नाय?"

"म्हणालो होतो. आता हे म्हणतोय."

तिनं फळ्याकडे पाहिलं. मी अजून पुसला नव्हता.

"आन् मागाहून बी नाय पटलं तर?"

"तर माझ्यासारखी शिकवायला लागशील."

ती हसली. "लिहिते," म्हणाली, आणि एसटी गाठायला पळाली.

मी विनोद केला नव्हता, बाई.