कुनिकोबाईंना कोणती गाडी आवडली

काकेगावा, १० एप्रिल

ती. हारुएताईस कात्सुजीचा सा. न., वि. वि.

चहाला पालवी फुटली. नोरिको गेल्यापासून मी एकटाच जेवतो म्हणून तू रागावतेस, तेव्हा गायनवर्गातल्या कुनिकोबाईंना माझ्या लाल गाडीतून फिरायला नेलं. पन्नास वर्षांची दोन आसनी गाडी, पण अशी पळाली की मीच तरुण झालो. बाईंची टोपी मात्र पहिल्याच वळणावर चहाच्या मळ्यात उडाली. आसन इतकं खाली की त्यांना उठवेना. हात द्यायला वाकलो, तर माझीच कंबर धरली. शेवटी मळ्यातल्या दोघी बायकांनी आम्हाला ओढून उभं केलं. तेव्हापासून बाईंचा फोन नाही. काय करू?

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
कात्सुजी

हामामात्सु, १४ एप्रिल

चि. कात्सुजीस अनेक आशीर्वाद.

अरे, बाईमाणसाला फिरायला नेलंस की पोतं वाहून नेलंस? तुझी ती गाडी म्हणजे पेट्रोलच्या वासाची बादली. माझी पांढरी छोटी गाडी घेऊन जा. सरळ बसता येतं, आत ऊब असते, मागे पिशव्या मावतात. शिवाय तिला बोलता येतं. तू चुकलास की ती सांगेल. नोरिको होती तेव्हा ते काम तिचं होतं. आणि तुझ्या त्या लाल गाडीच्या कार्बोरेटरबद्दल अवाक्षर काढू नकोस.

गाडी धुऊन परत करशील, तर माया आहे तशीच राहील.
ताई

काकेगावा, २२ एप्रिल

ती. ताईस सा. न.

तुझी गाडी चहाडखोर आहे. मी बाईंकडे जरा बघितलं, की तुमचं लक्ष रस्त्यावर नाही, असं म्हणायची. पुढे तर, तुम्ही दमलेले दिसता, थांबून विश्रांती घ्या, म्हणाली. बाई खिडकीकडे तोंड फिरवून बसल्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, की गाडी फार आरामशीर आहे. मी काय ते समजलो. लाल गाडी विकायला काढली आहे. आता ती बघवत नाही.

हिरमुसलेल्या भावावर लोभ ठेव.
कात्सुजी

काकेगावा, ३० एप्रिल

आदरणीय हारुएताईंना कुनिको ओनोदेराचा नमस्कार.

ओळख नसताना लिहिते, राग नसावा. मी रुसले असं तुमच्या बंधूंनी तुम्हाला कळवलं म्हणे, पण मी खिडकीकडे तोंड फिरवून हसत होते. आधी फोन केला नाही, कारण कंबर शेकत पडले होते. तुमची गाडी गुणी आहे, बाजारहाटाला तशीच हवी. पण तिच्यात सगळं ऐकू येतं, त्यामुळे जाता-येता त्यांचं कार्बोरेटरपुराण ऐकावं लागलं. लाल गाडीत वाऱ्यापुढे त्यांचं काही ऐकू येत नाही. तिथे मी मोकळ्या गळ्यानं गात होते. यजमान गेल्यावर वर्गाबाहेर गायले ते त्याच दिवशी.

लाल गाडी विकताहेत हे कळल्यावर मी त्यांच्या घरी जाऊन किल्ली मागितली आणि दीपस्तंभापर्यंत स्वतः चालवली. शेजारी बसून तुमचे बंधू दर गिअरला कण्हत होते. पोचल्यावर मीच विचारलं, की उरलेले दिवस एकत्र काढायचे का. ते हो म्हणाले.

जूनमध्ये मी त्यांच्याकडे राहायला येते. त्या दिवशी तुमची गाडी घेऊन याल का? तिघांना बसायला जागा तिच्यातच आहे.

अजून भेट नाही, तरी लोभाला सुरुवात करावी.
कुनिको