जोतीच्या नावाचं पान

बोरगाव,
मंगळवार, २ ऑगस्ट १९४९

प्रिय लीला,

तुझी तब्येत कशी आहे? विलायतेच्या थंडीनं टाचांना भेगा पडल्या होत्या, त्या भरल्या का? जावईबापूंचा खोकला हटला का? स्वतः डॉक्टर असून दुखणं अंगावर काढायची खोड बरी नव्हे, माझ्या नावानं सांग. तुमच्या शेजारच्या त्या मद्रासी बाई बाळंत झाल्या का? इकडं मी ठीक. उजव्या डोळ्यापुढं धुरकट दिसतं. मिरजेला दाखवलं, तर मोतीबिंदू अजून पिकू दे म्हणाले. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती कुठली बसते! तांबडी म्हैस व्याली, रेडी झाली.

तुम्ही दोघं जर्मनीतलं कलोन शहर बघून आलात, ते पत्र पोचलं. आईनं माझ्याकडनं तीनदा वाचून घेतलं. लढाईत सगळं शहर भुईसपाट झालं आणि मधोमध दोन शिखरांचं काळं देऊळ तेवढं उभं राहिलं. त्यात शिरताना तू सवयीनं पायातलं काढलंस, आणि जावईबापू बाहेर तुझे बूट राखत बसले, हे ऐकून तुझी आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. विटांच्या ढिगाऱ्यात बटाटे लावणारी म्हातारी, पावाच्या दुकानापुढची ती लांब रांग. पोरी, तू नीट बघतेस आणि नीट लिहितेस. सोबत धाडलेलं देवळाच्या चित्राचं कार्ड आईनं देवळीत जोतीच्या फोटोजवळ ठेवलंय. परमुलखातला का असेना, देवच हाय म्हणते, आणि रोज त्याला एक फूल वाहते.

ते चित्र आईला देण्याआधी मी पुनःपुन्हा बघितलं. का, ते सांगायचं तर मागं जावं लागेल.

बेचाळीस साली आफ्रिकेतनं तार आली, तुझा भाऊ बेपत्ता झाला म्हणून. वर्ष गेलं. मग त्याच्या पलटणीतला बिराप्पा रजेवर आला. त्यानं जोतीला वाळूत पडताना डोळ्यांनी बघितलं होतं. आपण कृष्णेच्या काठावर दर्भाची बाहुली करून तिला अग्नी दिला. तू तिथंच मातीत बसून राहिली होतीस. जोतीची बायको राही तेव्हा एकोणीस वर्षांची. तिचं रिकामं कपाळ मला बघवेना. मीच पुढं होऊन आटपाडीकडच्या एका भल्या माणसाशी तिचा पाट लावून दिला. सासऱ्यानंच सून घालवली म्हणून भावकी बोलली. मला मात्र त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू? पण घाई झाली. मेल्याचा सरकारी कागद आलाच नव्हता. थांबा म्हणणारी एकटी तुझी आई होती, आणि तिला मी गप्प केलं.

आता तुला जे ठाऊक नाही ते सांगतो. पाटानंतर दोन महिन्यांनी रेडक्रॉसचं कार्ड आलं, जोतीच्या हातचं. तो जर्मनांच्या कैदेत होता. आधीची दोन कार्डं पोचलीच नव्हती. मी सुखरूप आहे, राहीला सांगा, असं लिहिलं होतं. गावाची पत्रं वाचणारा मी, त्यामुळं ते माझ्याच हाती पडलं. राहीला तोवर दिवस गेले होते. आठ दिवस ते कार्ड कोपरीच्या खिशात घेऊन हिंडलो. मग जोतीला तेवढं खरं कळवलं. त्याचं उत्तर पाच महिन्यांनी आलं: "आबा, दिवस घातलायसा तर मी मेलोच म्हना. राहीच्या संसारात खडा नको. आईलाबी सांगू नका, तिच्या पोटात ऱ्हायाचं न्हाई."

मी ऐकलं. नको होतं ऐकायला.

सेहेचाळीस साली शेवटचं कार्ड आलं. सुटका झाली, भट्टीवर पाव भाजतो, इथंच राहतो, एवढंच त्यात. मागं चित्र होतं, तेच दोन शिखरांचं देऊळ. त्यानंतर आजतागायत काही नाही.

दर पितृपक्षात तुझी आई जोतीच्या नावाचं पान मांडते. त्याच्या आवडीची वांग्याची भाजी करते, कौलावर घास ठेवते आणि उन्हात उभी राहते. कावळा शिवत नाही. "पोराचं मन कशात अडकलंय वो?" असं मला विचारते. शेवटी मी दर्भाचा कावळा करून घासाला लावतो. सहा वर्षं झाली, लीला. त्यातली पाच मी जाणूनबुजून लावतोय.

आत्ताही ती उंबऱ्यात बसून शेंगा फोडतेय. एवढं काय लिवताय म्हणाली. म्हशीचं कळवतोय म्हटलं.

तू त्या पावाच्या रांगेजवळनं गेलीस, आणि आत तुझा भाऊ असेल-नसेल. जावईबापूंना विनंती कर, आणखी एकदा तिकडं जा. शेवटच्या कार्डावरचा पत्ता उतरवून सोबत ठेवला आहे. भेटला तर सांग, राही सुखात आहे, दोन पोरं आहेत तिला. यावं न यावं त्याची खुशी. पण तो जिता आहे एवढं आईला सांगायची मोकळीक मला दे म्हणावं, आबाला आता हे पेलत नाही. नसला, तर तेही लपवू नकोस. पाकिटावर आता जिल्हा दक्षिण सातारा लिही, नाहीतर पत्र साताऱ्याला फिरत बसेल. पितृपक्ष पाच आठवड्यांवर आलाय. त्याच्या आत उत्तर पोचेल असं बघ. यंदा पान मांडायचं का नाही, ते तुझ्या पत्रावर आहे.

तुझाच,
आबा