हिरवळीला युरिया नको, फाटकाची किल्ली हवी

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
उद्यान विभाग, नगरपालिका कार्यालय.

विषय : खेळाच्या मैदानाची हिरवळ खताने जळत असल्याने खत थांबवून मैदान मुलींना परत मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवर झालेली (नको ती) कार्यवाही.

महोदय,

मी इयत्ता नववीत शिकते व शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघाची कर्णधार आहे. हिरवळ पिवळी पडते आहे असा अर्ज मी केला, तेव्हा आपल्या कार्यालयाने तत्परतेने एक गोणी युरिया टाकला. हिरवळ आणखी पिवळी पडली. मी दुसरा अर्ज केला, दुसरी गोणी पडली. आता मैदान तपकिरी आहे आणि "मुलींच्या धावण्यामुळे हिरवळ खराब" असे कारण देऊन फाटकाला कुलूप लावले आहे. याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात.

१. करपलेले पट्टे अर्धगोल आहेत, मुठीने खत भिरकावल्यावर पडते तसे. आमच्या संघात अर्धगोलात धावणारी एकही मुलगी नाही. शिवाय मैदानातल्या तार लावून बंद केलेल्या कोपऱ्यात आमचे पाऊलही पडलेले नाही, तरी तोही तसाच जळला आहे. खत भर दुपारी टाकले गेले व वर लगेच पाणी दिले नाही.

२. रोज संध्याकाळी पाईप फिरवून गवताचे फक्त तोंड धुतले जाते. कुलूप लागण्याआधी मी स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला. बोटाच्या पेरापुढे माती ठणठणीत कोरडी. माझी आत्या रोपवाटिका चालवते. ती म्हणते, "चमचा चमचा पाजलंस तर मुळं वरच लोळत राहतात. आठवड्यातून दोनदा पहाटे पोटभर पाज, मग बघ कशी खाली उतरतात." हे मी माळीकाकांना सांगितले. ते म्हणाले, "मला पटतं गं बाळ, पण वरून रोजचा हुकूम आहे." म्हणून वर गेले, तर आपल्या कार्यालयातील साहेबांनी विचारले, "तू कितवीत आहेस?" नववीचा आणि मुळांचा संबंध मला अद्याप कळलेला नाही.

३. सामने पुढच्या महिन्यात आहेत. आम्ही शाळेमागच्या डांबरी गल्लीत सराव करतो. आमची गोलकीपर डांबरावर झेपा घेते. गुडघे, कोपरे सगळे सोलले आहेत. काल तिच्या आईने बजावले, "पुन्हा रक्त दिसलं तर खेळ बंद." आमच्याकडे दुसरी गोलकीपर नाही.

तरी विनंती की, या अर्जावर कार्यवाही म्हणून कृपया खत टाकू नये. निम्मे मैदान आमच्याकडे द्यावे, पाणी आम्ही घालू. उरलेल्या निम्म्यावर आपली पद्धत खुशाल चालू ठेवावी. कुणाचे चुकते ते सगळ्यांनाच दिसेल.

शनिवारी उजाडताच आमचा संघ पाईप घेऊन फाटकाशी उभा असेल. गोलकीपरही, पट्ट्या बांधून. किल्ली आली नाही तर आम्ही कुंपणाबाहेरून पाणी मारू. पाईप पोहोचेल तेवढे मैदान तरी जगेल.

आपली नम्र, पण गप्प न बसणारी,
(सही)
कर्णधार, मुलींचा फुटबॉल संघ
दि. ११ मार्च

सोबत : गवताचा एक गड्डा, मुळांसह (माळीकाकांच्या परवानगीने काढलेला). मुळांची लांबी कृपया आपणच मोजावी.