गाडीत सहाच जागा

पप्पा, मी तुमच्यावर चिडलेय. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, आता चिडून काय होणार, पण गेल्या रविवारपासून माझं डोकं गरमच आहे आणि खरं बघितलं तर सगळं तुमच्यापासूनच सुरू झालंय. तोंडाने मला जमत नाय ते तुम्हाला माहितीये, म्हणून लिहितेय. नववीत शाळा सोडली, त्यानंतर एवढं पहिल्यांदाच लिहायला बसलेय. वही आमच्या ट्रिपची आहे, मागची पानं कोरी होती.

ट्रिप म्हणजे काय ते आधी सांगते. बारकी आता सहावीत आहे आणि छोटा चौथीत. तुम्ही गेलात तेव्हा छोटा अडीच वर्षांचा होता, त्याला तुम्ही फक्त फोटोतले माहिती. मे महिन्यात मी दोघांना बसने घोडबंदरला किल्ला बघायला नेलेलं. येताना हायवेच्या पंपावर एक मोठी गाडी उभी होती, दार उघडं. आत एकावर एक बेड, छोटं बेसिन, खिडकीला पडदे, आणि एक बाई चक्क आत उभी राहून चहा करत होती. तिची पोरं वरच्या बेडवरून पाय खाली सोडून बसलेली. छोटा तिथून हलेना. मला म्हणाला, ताई, हे लोक घर घेऊन फिरतात? घरी येईपर्यंत दोघांचं तेच चाललेलं, आणि पुढे चार महिने तेच.

मग मी ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत यांना न्यायचंच. तुम्हाला माहीत नसेल, मी घरी बसून इमिटेशन दागिन्यांना खडे लावायचं काम करते. हात चालू असतात, डोकं मोकळं असतं, कोणाशी बोलावं लागत नाय. त्या मोकळ्या डोक्यात मी अख्खी ट्रिप बसवली. भाईंदरला एक माणूस अशा गाड्या भाड्याने देतो, तो शोधला. छोट्याला गाडी लागते म्हणून लांब जायचं नाय, केळव्यापर्यंतच, दोन मुक्काम. गाडी रस्त्यावर कुठेही लावून झोपता येत नाय, म्हणून केळव्याला एका मावशींची वाडी शोधली. त्या अंगणात गाडी लावू देतात, संडास-बाथरूम आणि पाणी पण देतात. तो एक संडास शोधायला मला अकरा दिवस लागले. हायवेवर कुठल्या पंपावर बायकांसाठी स्वच्छ सोय आहे, तेही लिहून ठेवलं. छोट्यासाठी आलेपाक. दोघांनी शाळेचा दिवाळीचा अभ्यास पहिल्या दोन दिवसांत संपवायचा, नायतर गाडीत बसायचं नाय. कोण कुठे झोपणार त्याचं चित्र छोट्याने स्केचपेनने काढलंय, माझे केस निळे केलेत. हे सगळं मी मेसेजवर केलं. एक फोन नाय केला कोणाला.

फक्त ड्रायव्हरचं अडलं. गाडीवाल्याचा ड्रायव्हर मिळत होता, पण आईने नको म्हटलं. अनोळखी माणूस, घरात दोन मुली, रात्रीचा मुक्काम. मग काकांना विचारलं. ते आणि काकी लगेच तयार झाले. आम्ही चौघं, ते दोघं, सहा. गाडीत बसायला सहा, झोपायला सहा. बरोबर बसलं.

रविवारी काका जेवायला आले होते. बांगडे खाता खाता त्यांनी ही वही चाळली, चित्र बघून हसले, आणि आईला म्हणाले की आमचा पण येतो म्हणतोय, त्याची बारावी आहे, जरा मोकळा होईल पोरगा. म्हणजे सात झाले. आई म्हणाली, जागा सहाच आहेत भाऊजी. काका म्हणाले, मग हिला राहू दे की घरी. हिला कुठे आवडतं माणसांत.

मी तिथेच उभी आहे, पप्पा. हातात पाण्याचा जग आहे, त्यांच्या ग्लासात पाणी ओततेय, आणि ते माझ्याबद्दल आईला विचारतायत. आणि आई, जिने महिनाभर मला ही वही घेऊन बसलेलं बघितलंय, ती म्हणते, हो, तिची दिवाळीची ऑर्डर पण असते. झालं. मला कोणी विचारलंच नाय. बारकीने मान खाली घातली. छोट्याने माझ्याकडे बघितलं आणि परत ताटात बघायला लागला. मध्ये बोललो तर आपली ट्रिप रद्द होईल, ही भीती होती त्याला. तो नऊ वर्षांचा आहे, त्याच्यावर मी चिडणार नाय.

तुमच्यावर चिडले. कारण ही सवय तुम्ही लावली सगळ्यांना.

कोणी मला काही विचारलं की तुम्ही आधी बोलायचात. तुम्ही शाळेची व्हॅन चालवायचात, मी पुढे तुमच्या बाजूला बसायचे, मागे चौदा पोरं. कोणी नवीन मुलगी यायची, मला नाव विचारायची, आणि आरशात बघून तुम्ही सांगायचात माझं नाव, माझी इयत्ता, आणि वर हे पण की ती बोलत नाय जास्त. ती मुलगी परत कधी विचारायची नाय. स्टेशनसमोर आइस्क्रीम घ्यायला थांबलो की दुकानवाला विचारायचा, बेबी को क्या, आणि तुम्ही म्हणायचात, व्हॅनिला. मला बटरस्कॉच पाहिजे असायचं. मी किती वर्षं व्हॅनिला खाल्लं, पप्पा. एकदा माझं पोट दुखत होतं तर डॉक्टरला तुम्ही सांगितलं उजव्या बाजूला. दुखत होतं डावीकडे. डॉक्टर उजवीकडे दाबून विचारतायत, इथे? आणि तुम्ही म्हणताय, हो हो, तिथेच. मी गप्प. रस्त्यात तुम्ही मला शाबासकी दिली, शहाणी मुलगी आहे, रडली नाय.

आणि मी अशी जन्मापासून नव्हते. दुसरीत होते तेव्हाचं सांगते, तुम्ही विसरला असाल. पेणकरपाड्याला शेवटच्या मुलाला सोडायला आपल्याला उशीर झाला. त्याची मम्मी गेटवर उभी होती, तिने खिडकीतून मला विचारलं, आज लेट का झाला गं? मी सांगितलं, पप्पा टपरीवर चहा प्यायला थांबले होते. खरं होतं ते. ती तुमच्याकडे बघत राहिली. तुम्ही हसलात, ट्रॅफिकचं काहीतरी बोललात. गाडी वळवून नाक्यापर्यंत आणलीत, बाजूला लावलीत, आणि शांतपणे म्हणालात, "तुला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला? यापुढे कोणाला काय सांगायचं ते मी सांगेन."

ओरडला असतात तर बरं झालं असतं. ओरडलेलं विसरायला होतं. चहाचा एक कप पप्पा, त्यासाठी. मग माझं सगळं बोलणं तुम्ही स्वतःकडे घेऊन ठेवलं, आणि एका सकाळी व्हॅन पुसता पुसता छातीत दुखून गेलात. मला परत काही दिलं नाय. मी बारा वर्षांची, दारात बायका येतायत, विचारतायत कसं झालं गं, आणि मी सवयीने बाजूला बघतेय, तुम्ही सांगाल म्हणून.

तर रविवार. जेवणं झाली. मी चहा ठेवला. काका बाहेर बसून छोट्याला सांगत होते की पुढच्या सीटवर आमचा बसेल, त्याचे पाय लांब आहेत. मी चहा नेऊन दिला आणि तिथेच उभी राहिले. काका म्हणाले, काय गं, साखर? मी म्हटलं, मी येणार आहे. एवढ्या हळू म्हटलं की त्यांनी परत विचारलं, काय? मी म्हटलं, "गाडी मी शोधलीय, काका. मी येणार. सहाच जागा आहेत तर तुमच्यातलं कोणीतरी राहा."

काका आधी हसले. आईकडे बघून म्हणाले, वहिनी, ही बोलायला लागली की. मग म्हणाले, बरं, मी राहतो, गाडी तू चालव. मग चहा ठेवला खाली आणि म्हणाले, "माझा भाऊ असता ना, तर आज त्याला लाज वाटली असती."

ते ऐकून माझं काय झालं माहीत नाय. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. मी म्हटलं, "या दोघांसाठी मी शाळा सोडली. त्यांचे डबे केले, त्यांचा अभ्यास घेतला. आणि तीन दिवस त्यांच्याबरोबर फिरायला मला जागा नाय?"

बारकी रडायला लागली. आई आतून हात पुसत आली आणि काकांना म्हणाली, भाऊजी, ती येणार. तुमचं तुम्ही बघा. काकांनी चहा अर्धा ठेवला. जाताना चपला घालत म्हणाले, मग ड्रायव्हर पण तीच शोधेल.

शोधला. गाडीवाल्याचाच, वय झालेला माणूस आहे, आईने व्हिडिओ कॉलवर बघितला, त्याच्या घरच्यांशी बोलली, तेव्हा हो म्हणाली. पण गाडीत तो झोपणार नाय, हे तिने सांगितलं. मग केळव्याच्या मावशींना विचारायचं होतं आणि त्या मेसेज बघत नव्हत्या. दोन दिवस वाट बघितली. मग मी फोन केला. संडासात जाऊन, कडी लावून. हातात कागद, काय बोलायचं ते लिहिलेलं. मावशींनी उचलला आणि मी पहिलं वाक्य वाचायच्या आधीच म्हणाल्या, तू ती मेसेजवाली का? त्या म्हणाल्या, त्याला आमच्या ओटीवर झोपू दे, ओटी मोठी हाय. आणि विचारलं, पोरांना मासे चालतात ना, का ते पण मेसेजवर सांगणार? मी हसले. कागद वाचलाच नाय.

म्हणजे ट्रिप होतेय. गुरुवारी सकाळी निघतोय. मी जिंकले म्हणायचं. पण घरात त्या दिवसापासून सगळं बदललंय, आणि ते मला सहन होत नाय. आई माझ्याशी जपून बोलते, एकदा भाजी चिरताना म्हणाली, मला माहीत होतं गं, तुझं नुकसान झालं, मी बघितलं नाय. बारकी न सांगता भांडी घासते. छोट्याने नवीन चित्र काढलं. वरच्या बेडसाठी दोघं महिनाभर भांडत होते, बोटं मोडून झाली, शपथा घालून झाल्या, आणि आता त्या बेडवर त्याने मला झोपवलंय. मी म्हटलं, अरे, तुला पाहिजे होता ना. तर म्हणतो, नाय ताई, तू आमच्यासाठी शाळा सोडली.

मी त्यांच्यासाठी शाळा नाय सोडली, पप्पा.

तुम्ही पाचवीत बाईंना येऊन सांगितलं होतं, ती हजेरीला बोलत नाय, बघून लावा. बाईंनी लावली, पुढच्या बाईंना पण सांगितलं. तुम्ही गेल्यावर पण आठवीपर्यंत तसंच चाललं. नववीत नवीन सर आले, त्यांना कोणी सांगितलं नाय. ते नंबर घ्यायचे, मी उभी राहायचे, तोंड उघडायचे, आवाज यायचा नाय. तोपर्यंत पुढचा नंबर. तिसऱ्या बाकावर बसून मी रोज गैरहजर. महिन्याने शाळेतून आईच्या फोनवर मेसेज आला, येऊन भेटा. मी तो डिलीट केला. आणि आईला म्हटलं, तू ड्यूटीला जातेस, दोघं लहान आहेत, मी घरी थांबते. तिला तेव्हा नवीन नोकरी लागलेली. ती एका दिवसात हो म्हणाली.

एक शब्द होता बोलायचा. हजर. तो मला आला नाय, आणि ते मी लहान भावंडांच्या नावावर घातलं. पाच वर्षं कोणी विचारलं नाय म्हणून चाललं, पण रविवारी मी स्वतः तोंडाने बोलले. एवढ्या वर्षांनी बोलायला लागले आणि त्यात ते खोटं.

तुमच्यावर अजून चिडलेलीच आहे. पण डॉक्टरकडे तुम्ही माझ्यासाठी बोलायचात तेव्हा तुमचा हात माझ्या डोक्यावर असायचा, आणि मला बरं वाटायचं, हे पण खरं आहे. बाजू चुकीची सांगत होतात तरी.

वही गाडीत लागणार आहे, बारकी सारखी चाळते, म्हणून ही पानं आता फाडते. तिला आणि छोट्याला ट्रिपमध्येच खरं सांगायचं ठरवलंय. पहिल्या दिवशी नाय. शेवटच्या दिवशी, परत येताना. कारण वरचा बेड मला पण पाहिजे होता, पहिल्यापासून.